बाणावरचा शब्द

अंबाजोगाईत संतकवी दासोपंतांची पासोडी जपून ठेवलेली आहे. जाड कापडाचा हा पट सुमारे ४० फूट लांब आणि ४ फूट रुंद आहे. त्यावर सोळाशेच्या आसपास ओव्यांचं ‘पंचीकरण’ लिहिलेलं आहे आणि ओव्यांच्या सोबतीला आकृत्या नि तक्त्यांसारखी मांडणी आहे. दासोपंतांचा काळ १५५१ ते १६१५ हा. गीतेवर सव्वा लाख ओव्यांचा ‘गीतार्णव’ रचणाऱ्या या माणसाला ना शब्दांची टंचाई होती, ना पोथीच्या पानांची. तरीही हा एक विषय त्यांनी सुट्या पानांवर न ठेवता एकसलग कापडावर उतरवला.

त्याचं कारण मला पंचीकरणाच्या घडणीतच दिसतं. आकाश, वायू, तेज, आप आणि पृथ्वी ही पाच सूक्ष्म भूतं. प्रत्येकाने आपला अर्धा भाग स्वतःजवळ ठेवायचा आणि उरलेल्या अर्ध्याचे चार वाटे करून ते बाकीच्या चौघांना द्यायचे. म्हणजे आपल्या डोळ्यांना दिसणारी पृथ्वी ही अर्धी पृथ्वी, आणि इतर चौघांचा प्रत्येकी आठवा हिस्सा. मग देहाकडे वळायचं. हाडं, मांस, त्वचा, नाडी, रोम ही पृथ्वीची. अशीच बाकीच्या चौघांची पाच-पाच. एकूण पंचवीस. हे सगळं एकामागून एक ऐकत गेलं तर दहाव्या तत्त्वापाशी पोचेपर्यंत तिसरं कोणाच्या वाट्याला गेलं होतं ते विसरायला होतं. समोर पसरलेल्या पटावर मात्र नजर आडवी जाते, उभी जाते, मागे येते. कोणाचं कोणाशी नातं आहे ते एकदम दिसतं.

दासोपंतांना एखाद्या आधुनिक शिक्षणतंत्राचे जनक ठरवण्याचा हट्ट मी धरणार नाही. संकल्पना नकाशा नावाचं जे साधन आज शिक्षणशास्त्रात शिकवलं जातं, त्याचा जन्म वेगळ्या गरजेतून, फार दूर झाला. पण अडचण तीच होती. बोलणं एका ओळीत चालतं, लिहिणंही एका ओळीत चालतं. ज्ञान मात्र तसं एका ओळीत बसत नाही. चौथीतल्या मुलाच्या डोक्यातलंसुद्धा बसत नाही.

इथाकाची मुलं

१९७०च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत इथाका इथल्या कॉर्नेल विद्यापीठात जोसेफ नोव्हाक आणि त्यांचे सहकारी एका धाडसी कामाला लागले होते. दहा-अकरा वर्षांच्या आतल्या मुलांना पदार्थाचे कण, ऊर्जा अशा अमूर्त कल्पना झेपत नाहीत, असा तेव्हाच्या शिक्षणजगतात दबदबा असलेला समज होता. नोव्हाक यांना तो पटत नव्हता. पहिली-दुसरीच्या मुलांसाठी त्यांनी विज्ञानाचे पाठ तयार केले. मूल टेबलाशी बसून टेपवरचं निवेदन ऐकायचं आणि समोरच्या वस्तू हाताळून पाहायचं. १९१ मुलांना हे पाठ मिळाले. ४८ मुलांना मिळाले नाहीत. मग या मुलांच्या मुलाखती घ्यायच्या, आणि त्याही एकदाच नव्हे, तर ती मुलं बारावीपर्यंत जाईतो पुन्हा पुन्हा.

मुलाखतींच्या कागदांचे ढीग साचले. सहा वर्षांचं मूल साखर पाण्यात विरघळण्याबद्दल जे बोलतं, त्याची पानंच्या पानं. दुसऱ्या वर्षी तेच मूल आणखी काही बोलतं. त्याच्या समजुतीत नेमकं काय बदललं, हे या ढिगातून कसं काढायचं? १९७२मध्ये या गटाने एक तोडगा शोधला. मुलाच्या बोलण्यातल्या कल्पना चौकटींत लिहायच्या, दोन चौकटींमध्ये बाण काढायचा आणि मुलाने त्या दोहोंमध्ये जे नातं सांगितलं ते बाणावर लिहायचं. वीस पानांची मुलाखत एका कागदावर आली. मुलाला काय ठाऊक आहे, काय चुकीचं ठाऊक आहे, कुठे दोन गोष्टी त्याने अजून जोडलेल्याच नाहीत, हे दिसू लागलं.

म्हणजे मूल काय शिकलं ते मोठ्यांना समजावं, म्हणून हा नकाशा निघाला. मुलांच्या हाती तो नंतर गेला. हा क्रम मला फार महत्त्वाचा वाटतो, कारण आपल्याकडे तो आल्यापासून उलटा झाला आहे. त्याबद्दल पुढे येईलच. नोव्हाक आणि त्यांचे सहकारी मुसोंडा यांनी १९९१मध्ये त्या बारा वर्षांचा हिशेब प्रसिद्ध केला. पहिली-दुसरीत पाठ मिळालेल्या मुलांच्या विज्ञानातल्या समजुती बारावीपर्यंत इतरांपेक्षा अधिक बरोबर होत्या आणि गैरसमज कमी होते. लहान वयात नीट रुजलेली कल्पना पुढच्या दहा वर्षांच्या शिक्षणाला धरून ठेवते, याचा हा दुर्मिळ दीर्घकाळचा पुरावा आहे.

या सगळ्यामागे डेव्हिड ऑसुबेल यांचा विचार होता. १९६८च्या त्यांच्या ग्रंथाचं सार असं: शिकणाऱ्याला आधीपासून काय ठाऊक आहे, यावर त्याचं पुढचं शिकणं सगळ्यात जास्त अवलंबून असतं; ते आधी शोधा आणि तिथून शिकवा. घोकंपट्टीने पाठ झालेली गोष्ट जुन्या ज्ञानाला कुठेच न चिकटता तरंगत राहते आणि परीक्षा झाली की जाते.

पाटोद्याचं पाणी

बीड जिल्ह्यातल्या नद्या कोणत्या? गोदावरी, मांजरा, सिंदफणा, बिंदुसरा, कुंडलिका, वाण. उत्तराला पूर्ण गुण. पण हे उत्तर देणाऱ्या मुलाला नद्यांविषयी काय कळलं आहे, ते या यादीवरून सांगता येत नाही.

आता हीच नावं चिठ्ठ्यांवर लिहून मुलांपुढे टाका, सोबत ‘बालाघाट’, ‘पाटोदा’, ‘धनेगावचं धरण’, ‘लातूर’ अशा आणखी चिठ्ठ्या ठेवा, आणि प्रश्न विचारा: पाटोद्याच्या डोंगरावर पडलेला पाऊस कुठे जातो? सिंदफणा पाटोदा तालुक्यातल्या डोंगरांत उगम पावते. मांजराही त्याच तालुक्यात उगम पावते. सिंदफणेला वाटेत बिंदुसरा मिळते, आणि माजलगाव तालुक्यात मंजरथजवळ सिंदफणा गोदावरीला मिळते. मांजरा बालाघाटाच्या दुसऱ्या अंगाने पूर्वेकडे निघते, केज तालुक्यात धनेगावला अडवली जाते, पुढे लातूर, मग कर्नाटकातला बीदर, तेलंगणातलं निजामसागर असा लांबचा फेरा घेऊन शेवटी तीही गोदावरीलाच मिळते. एकाच तालुक्यात पडलेले दोन थेंब शेकडो किलोमीटरची फारकत घेऊन पुन्हा एकाच नदीत येतात. यादीत हे कुठेच नव्हतं.

बाणावर शब्द लिहावा लागतो तेव्हा मुलाची खरी परीक्षा होते. ‘बिंदुसरा’ आणि ‘सिंदफणा’ यांच्यामध्ये नुसती रेघ ओढणं सोपं आहे. ‘मिळते’ लिहायचं तर कोण कोणाला मिळते ते ठरवावं लागतं, बाणाचं टोक कोणीकडे ते ठरवावं लागतं. ‘बालाघाट’ आणि ‘मांजरा’ यांच्या मधल्या बाणावर एक मूल ‘उगम’ लिहील, दुसरं ‘अडवतो’ लिहील, तिसरं ‘पाणी वाटून देतो’ असं लिहील. तिसऱ्याला जलविभाजक हा शब्द ठाऊक नाही, पण त्याला जलविभाजक कळला आहे. मग एखादी मुलगी धरणापासून लातूरकडे बाण काढते आणि २०१६च्या उन्हाळ्यात हेच धरण कोरडं पडल्यावर लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावं लागलं, ही घरात ऐकलेली गोष्ट सांगते. नकाशाच्या एका कोपऱ्यातून दूरच्या दुसऱ्या कोपऱ्यात गेलेला असा बाण, त्याला आडवा दुवा म्हणतात. नोव्हाक यांच्या मते सर्जनशील विचाराची खूण या आडव्या दुव्यांत दिसते.

संकल्पना नकाशाची रचना एवढीच आहे. एक नेमका प्रश्न; वरच्या बाजूला व्यापक कल्पना, खाली बारीक; चौकटी, बाण, बाणावरचे शब्द आणि आडवे दुवे. चौकट, बाणावरचा शब्द, पुढची चौकट असं वाचलं की एक पूर्ण वाक्य व्हायला हवं. वाक्य होत नसेल तर ते नातं अजून कळलेलं नाही. टोनी बुझान यांनी १९७४च्या सुमारास लोकप्रिय केलेला माइंड मॅप याहून वेगळा. मधोमध एक विषय, चहूबाजूंना रंगीत फांद्या. भाषणाची तयारी करायला, आठवण ताजी करायला तो चांगला आहे. पण फांदीवर नातं सांगण्याची सक्ती त्यात नसते. आपल्या शाळांमध्ये आणि प्रशिक्षणवर्गांत दोन्ही एकाच नावाने वावरतात, आणि त्यात नुकसान होतं ते बाणावरच्या शब्दाचं.

मुंबईत मानखुर्दला होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र आहे. तिथे नागार्जुन जी. आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नेमक्या याच शब्दांवर काम केलं आहे. जोडणारे शब्द सैल असले की नकाशा सैल होतो. ‘चा भाग आहे’, ‘चा प्रकार आहे’, ‘मुळे होतं’ अशी नाती काटेकोरपणे वेगळी ठेवली तर मुलांचं विज्ञान नेमकं होत जातं, असा त्यांचा आग्रह आहे. माझं मत थोडं पुढचं-मागचं आहे. नवव्या-दहाव्या इयत्तेसाठी हा काटेकोरपणा हवाच. चौथी-पाचवीत मात्र मुलाला त्याचं स्वतःचं क्रियापद आधी सापडू द्यावं.

साखर कुठे तयार होते?

बीड जिल्ह्याच्या बाबतीत हा विषय लिहिताना उसाकडे यावंच लागतं. वर्षाला सरासरी सहाशे-सातशे मिलिमीटर पावसाचा हा प्रदेश. दिवाळीच्या आगेमागे इथल्या वाड्या-तांड्यांवरून ऊसतोड मजुरांच्या टोळ्या निघतात. नवरा-बायको मिळून एक कोयता, मुकादमाकडून घेतलेली उचल, आणि पश्चिम महाराष्ट्रात किंवा कर्नाटकात कारखान्याच्या जवळ मार्च-एप्रिलपर्यंत मुक्काम. बरीच मुलं सोबत जातात.

समजा, धारूर किंवा वडवणी तालुक्यातल्या एखाद्या जिल्हा परिषद शाळेत सहावी-सातवीच्या वर्गाला प्रश्न दिला: साखर कुठे तयार होते? बहुतेक मुलं सांगतील, कारखान्यात. मोठ्या माणसांना विचारलं तरी तेच उत्तर येईल. वर्गाने प्रकाशसंश्लेषणाचा धडा वाचलेला असतो, ‘पान अन्न तयार करतं’ हे वाक्यही पाठ असतं. पण ते अन्न आणि चहातली साखर यांची गाठ पडलेली नसते. एक गोष्ट पुस्तकात राहते, दुसरी घरात.

शिक्षक चिठ्ठ्या टाकतात: सूर्यप्रकाश, पान, हवा, पाणी, मूळ, कांडी, रस, साखर, कारखाना. मुलांना सांगतात, तुमच्याकडच्याही टाका. मग येतात: कोयता, मोळी, वाढं, बैल, टायरगाडी, टन, उचल, मुकादम, थळ. सुरुवातीला दोन ढीग होतात, कारण शाळेचे शब्द एका बाजूला आणि फडातले शब्द दुसऱ्या बाजूला ठेवायची मुलांना सवय असते. आता बाण काढायचे. पहिला बाण बहुधा असा निघतो: कारखाना — तयार करतो — साखर. शिक्षकांनी तो खोडू नये. फक्त विचारावं, कारखान्यात जाण्याआधी उसाची कांडी खाल्ली तर गोड लागते का? फडात वाढलेल्या मुलाला हे विचारावंसुद्धा लागत नाही. मग ‘तयार करतो’ हे शब्द कारखान्याजवळ टिकत नाहीत. साखर आधीच कांडीत आहे. कांडीत कुठून आली? मुळातून? मूळ तर पाणी घेतं. चर्चा वर सरकत पानापाशी येते. हवेतला कार्बन डायऑक्साइड, मुळाकडून आलेलं पाणी आणि ऊन यांतून पान साखर तयार करतं. ती खाली जाऊन कांडीत साठते. कारखाना रसातून ती वेगळी करतो. एका क्रियापदाने जागा बदलली, की प्रकाशसंश्लेषणाचा धडा पोचला.

यानंतर वर्गात जे होऊ शकतं ते कोणत्याही पुस्तकात सापडत नाही. एखादा मुलगा म्हणतो, शेंड्याकडची कांडी पाणचट लागते. अगदी खरं, शेंडा अजून वाढत असतो, तिथे साखर साठायची बाकी असते. म्हणून तोडताना शेंडा छाटतात आणि त्याचं वाढं होतं, ते बैलांना जातं किंवा विकून चार पैसे मिळतात. वनस्पतीच्या वाढीपासून कुटुंबाच्या वरकमाईपर्यंत बाण आला. दुसरी मुलगी विचारते, मग ऊस तोडल्यावर लगेच गाडी का भरायची, रात्रीसुद्धा? शिक्षकांना उत्तर ठाऊक असेल तर त्यांनी सांगावं, नसेल तर शोधावं: तोडलेल्या उसातली साखर मोडायला लागते, सुक्रोजचे ग्लुकोज आणि फ्रुक्टोज होतात, आणि मग साखरेचा उतारा घटतो. म्हणून कारखान्याला ऊस शक्य तो चोवीस तासांच्या आत हवा असतो. म्हणून गाडी येईल तेव्हा, अपरात्री थंडीतही, मोळ्या वाहून ती भरावी लागते. एका टोकाला रसायन, दुसऱ्या टोकाला आईच्या झोपेचे तास, आणि मध्ये मुलीने स्वतः काढलेला बाण.

या बाणाला मी सर्जनशीलता म्हणतो. दोन दूरच्या गोष्टींमधलं खरं नातं, आधी कोणी न सांगितलेलं, स्वतःच्या शब्दांत. आणि हे नातं त्या मुलीला सापडतं, कारण तिच्याकडे शहरातल्या मुलांकडे नसलेली माहिती आहे. आपल्या शाळा तिला ‘मागे पडलेली’ म्हणून मोजतात, तेव्हा त्या मोजणीत ही माहिती कुठेच धरलेली नसते. ऑसुबेल यांचा सल्ला मनावर घ्यायचा तर तिचं शिक्षण फडातल्या शब्दांपासूनच सुरू व्हायला हवं.

मोजमाप काय सांगतं

सर्जनशीलता मोजता येते का, हा जुना वाद आहे. जे. पी. गिलफर्ड यांनी १९५०मध्ये अमेरिकन मानसशास्त्र संघटनेच्या अध्यक्षीय भाषणात या विषयाकडे लक्ष वेधलं. १९६६मध्ये टॉरन्स यांच्या चाचण्या आल्या: एका प्रश्नाला किती उत्तरं सुचतात, किती वेगवेगळ्या प्रकारची सुचतात, किती अनोखी असतात, किती तपशिलाने फुलवली जातात. गिलफर्ड यांचं बुद्धीचं प्रतिमान महाराष्ट्रात पुण्याच्या ज्ञान प्रबोधिनीने आपल्या कामात आणलं. आप्पा पेंडसे यांनी १९६२मध्ये सुरू केलेली ही संस्था. भारतात बाकर मेहदी यांच्या सर्जनशीलता चाचण्या शिक्षणशास्त्राच्या प्रबंधांत सर्रास वापरल्या जातात. अशा प्रबंधाचा साचा ठरलेला: दोन तुकड्या, एकीला नेहमीच्या पद्धतीने शिकवायचं, दुसरीला संकल्पना नकाशाने, आधी चाचणी, नंतर चाचणी, आणि गुणांची तुलना.

हे प्रयोग करावेत, पण वाचताना सावध असावं. काही आठवड्यांच्या प्रयोगात नव्या गोष्टीचा उत्साह असतो, शिकवणाऱ्याचा जोर असतो, आणि नकाशा काढण्याचा सराव झालेलं मूल ‘अनेक उत्तरं सांगा’ या प्रकारच्या चाचणीत आपोआप थोडं मोकळं होतं. नकाशे काढले म्हणून मूल सर्जनशील झालं, असं इतक्या सरळ म्हणवत नाही. नकाशा सर्जनशीलतेला जागा देतो, एवढं मात्र पटतं. यादी पूर्ण झाली की संपते. नकाशात आणखी एक बाण नेहमी शक्य असतो.

अभ्यासातल्या उपयोगाबद्दलचा पुरावा अधिक भक्कम आहे. नेस्बिट आणि अडेसोपे यांनी २००६मध्ये ५५ अभ्यास एकत्र तपासले. त्यांत चौथीपासून महाविद्यालयापर्यंतचे ५,८१८ विद्यार्थी होते. नुसतं वाचणं, व्याख्यान ऐकणं यांपेक्षा नकाशांनी शिकलेलं अधिक टिकत होतं. पण मुलांनी स्वतः सारांश किंवा मुद्दे लिहून काढले असतील, तर त्यांच्या तुलनेत नकाशाचा फायदा थोडाच उरत होता. यातून मला कळतं ते असं: मुलाने स्वतः मांडणी करणं ही मुख्य गोष्ट, आकृती हे तिचं एक रूप.

दुसरा इशारा २०११चा. कार्पिकी आणि ब्लंट यांनी ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रयोग मांडला. एका गटाने मजकूर समोर उघडा ठेवून संकल्पना नकाशे काढले. दुसऱ्याने मजकूर वाचून, तो बाजूला ठेवून, आठवेल तेवढं लिहून काढलं, मग पुन्हा वाचलं, पुन्हा लिहिलं. आठवड्याने घेतलेल्या परीक्षेत आठवून लिहिणाऱ्यांनी बाजी मारली. नकाशाच्या चाहत्यांना तेव्हा ते झोंबलं होतं. पण २०१४मध्ये त्याच दोघांनी दाखवलं, की मजकूर बाजूला ठेवून, आठवून नकाशा काढला तर तोही तितकाच कामी येतो. वर्गासाठी यातून सरळ सूचना निघते: धडा वाचून झाला की पुस्तक मिटायचं, मग नकाशा काढायचा, मग पुस्तक उघडून काय सुटलं ते वेगळ्या रंगाने भरायचं.

रिकाम्या चौकटींचं काय करायचं

आपल्याकडे संकल्पनाचित्र हा शब्द नवा नाही. दहावीच्या इतिहासाच्या प्रश्नपत्रिकेत ‘संकल्पनाचित्र पूर्ण करा’ ही कृती असते. मराठीच्या कृतिपत्रिकेत ‘आकृती पूर्ण करा’ असते. मधोमध एक गोल, चार बाजूंना चार रिकाम्या चौकटी, प्रत्येकीला अर्धा गुण. बाणांवर शब्द नाहीत, आडवे दुवे नाहीत, चौकटी किती ते आधीच ठरलेलं. मार्गदर्शक पुस्तकांत या आकृत्या भरलेल्याच मिळतात आणि मुलं त्या पाठ करतात. मुलाच्या मनात काय आहे ते बघण्यासाठी जन्मलेलं साधन असं परीक्षकाच्या मनातल्या चार शब्दांचा शोध घेणारं झालं. हे मनाला लागतं, कारण ज्यांनी हा बदल केला त्यांचा हेतू घोकंपट्टी कमी करण्याचाच होता. प्रश्नात एक ओळ वाढवली तरी पुष्कळ फरक पडेल: ‘प्रत्येक बाणावर नातं सांगणारा शब्द लिहा’. तपासायला वेळ जास्त लागेल, हे खरं. पण गुण खरे असतील.

२२ जून २०१५च्या ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ शासन निर्णयानंतर ज्ञानरचनावादाची लाट आली. जिल्हा परिषद शाळांमधल्या शिक्षकांनी पदरचे पैसे घालून फरशा रंगवल्या, भिंती बोलक्या केल्या. त्या मेहनतीबद्दल माझ्या मनात आदर आहे. तरी तेलरंगाने रंगवलेली आकृती पुसता येत नाही, आणि संकल्पना नकाशाला पुसता येणं फार गरजेचं आहे. पहिला नकाशा जवळजवळ नेहमी कच्चा असतो. मूल तिसऱ्या वेळी चौकट हलवतं तेव्हा ते विचार करत असतं. त्यासाठी खडू, चिठ्ठ्या आणि दोऱ्याचे तुकडे पुरतात. संगणकावर फुकट मिळणारं सीमॅप टूल्ससारखं सॉफ्टवेअर आहे, आणि ते चांगलंही आहे, पण वाडीवरच्या शाळेत वीज कधी असते यावर वर्ग अवलंबून ठेवायचं कारण नाही.

पहिली-दुसरीच्या मुलांना लिहिता येत नाही म्हणून थांबायचंही कारण नाही. त्यांच्यापुढे खऱ्या वस्तू ठेवाव्यात: बी, माती, पाण्याची वाटी, पान. दोन वस्तूंमध्ये दोरा ठेवायचा आणि मुलाला विचारायचं, हे याचं काय करतं? मूल बोलेल तो शब्द शिक्षकांनी किंवा चौथीतल्या दादाने-ताईने चिठ्ठीवर लिहून दोऱ्यावर ठेवायचा. लहान शाळांत अनेक इयत्ता एका खोलीत बसतात, ही एरवीची अडचण इथे सोयीची होते. नकाशात पाच-सहा वस्तूंपेक्षा जास्त नकोत. आणि शब्द मुलाचाच हवा. मूल पाणी ‘जिरतं’ म्हणालं तर ‘झिरपतं’ असं सुधारायला धावू नये. तांड्यावरच्या मुलांची घरची भाषा गोरबोली; त्यांना बाणावरचा शब्द गोरबोलीत सुचला तर तो तसाच लिहावा आणि त्याच्या शेजारी मराठी शब्द दुसऱ्या मुलाकडून घ्यावा. नातं कळणं आधी, प्रमाण शब्द मागाहून.

कार्डासोबत एक कागद

आई-वडील ऊसतोडीला गेल्यावर आजी-आजोबांपाशी राहणाऱ्या मुलांसाठी गावातल्या शाळांमध्ये हंगामी वसतिगृहं चालतात. जी मुलं सोबत जातात, त्यांच्यासाठी शिक्षण हमी कार्डाची सोय आहे: गावच्या शाळेने ते द्यायचं आणि कारखान्याजवळच्या शाळेने त्यावरून मुलाला वर्गात घ्यायचं. कार्डावरून मुलाचं नाव, शाळा, इयत्ता कळते. मुलाला काय येतं, हे कळत नाही. नव्या शाळेतल्या शिक्षकापुढे भर हंगामात एक अनोळखी मूल येऊन बसतं. त्याच्या वर्गात धडा अकरावा चालू असतो, मुलाचा सहावा झालेला असतो. बहुतेकदा मूल मागच्या बाकावर जातं.

या कार्डाला मुलाने स्वतः काढलेले तीन-चार नकाशे जोडावेत, असं मला सुचवावंसं वाटतं. परिसर अभ्यासाचा एक, विज्ञानाचा एक, गणितात अपूर्णांक किंवा वजन-मापांचा एक. गाव सोडण्याच्या आठवड्यात, पुस्तक मिटून काढलेले. खर्च शून्य. कारखान्याजवळच्या शिक्षकाला ते वाचायला पाच मिनिटं पुरतील, आणि चाचणी न घेताच कळेल की या मुलाला टन आणि क्विंटल यांचं नातं पक्कं ठाऊक आहे, पण दशांश चिन्ह कुठे द्यायचं ते नाही. पाणी मुरतं हे ठाऊक आहे, पण वाफ होऊन वर जातं तो बाण अजून काढलेला नाही. तिथून शिकवायला लागावं. धडा सहावा की अकरावा हा प्रश्नच मग मागे पडतो.

नकाशे मुलासोबत परत यायला हवेत. पाच महिन्यांत त्याने कृष्णेचा किंवा पंचगंगेचा काठ पाहिलेला असतो, बाराही महिने हिरवं असणारं शिवार पाहिलेलं असतं, कारखान्याचा वजनकाटा पाहिलेला असतो. एप्रिलमध्ये गावच्या शाळेत आल्यावर शिक्षकांनी त्याचा जुना कागद त्याच्यापुढे ठेवावा, वेगळ्या रंगाचा पेन द्यावा आणि आधी एवढंच विचारावं, की यातला कोणता बाण आता खोडावासा वाटतो.